तारीखवार गोषवारा : उभ्या नोंदींचा आडवा तक्ता

रिलेशनल डेटाबेसमध्ये पावसाची नोंद उभी साठवली जाते आणि कार्यालयात ती आडवी वाचली जाते. साठवताना एका ओळीत तीनच गोष्टी असतात : मंडळ, दिनांक आणि त्या दिवशीचा पाऊस मिलिमीटरमध्ये. वाचणाऱ्याला मात्र डावीकडे मंडळांची नावे, वर ओळीने तारखा आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा असा तक्ता हवा असतो. उभ्या नोंदींतून असा तक्ता काढणे म्हणजे पिव्हट. वरच्या तारखा आधीपासून ठरलेल्या नसतील, दरवेळी मागणीप्रमाणे बदलत असतील, तर तो डायनॅमिक पिव्हट. महसूल खात्याच्या भाषेत हा तारीखवार, मंडळनिहाय गोषवारा होय. संगणक येण्याआधी पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत महिन्याच्या पानावर एकतीस रकाने आखून तो हातानेच तयार होत असे.

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुका या प्रश्नासाठी चांगले उदाहरण आहे. तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट, इटकळ, सलगरा, सावरगाव, मंगरूळ अशी या तालुक्यातील महसूल मंडळांची नावे. त्यांपैकी जळकोट सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गहून उमरग्याकडे जाताना लागते. पावसाचा आकडा मंडळाला एक असा धरला जातो आणि त्या आकड्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. 24 तासांत मंडळात 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते आणि पंचनाम्यांचा विषय निघतो. दिवसभरात 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. सलग 21 दिवसांचा खंड पडला की पीकविम्याच्या आगाऊ भरपाईची चर्चा सुरू होत असे. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा मराठवाड्यात सोयाबीन उभे असलेल्या प्रत्येक गावात या खंडाचे दिवस मोजले जात होते. म्हणून या तक्त्यातली चौकट चुकली तर चूक कागदावरच राहत नाही, ती शेतापर्यंत जाते.

तारखा साठवतानाच आडव्या का ठेवू नयेत, हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. त्याचे उत्तर एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या रिलेशनल कल्पनेत आहे. टेबलातील रकाना हा वस्तूचा गुण असतो आणि तो ठरलेला असतो. ओळ हे एक विधान असते आणि विधाने वाढत जातात. ‘जळकोट मंडळात अमुक दिवशी इतका पाऊस झाला’ हे विधान आहे, आणि दिनांक त्या विधानाचा भाग आहे. प्रत्येक तारखेला स्वतंत्र रकाना दिला तर रोज सकाळी टेबलाची रचनाच बदलावी लागेल आणि ‘कोणत्या दिवशी 65 च्या वर गेला’ हे विचारण्यासाठी शेकडो रकाने नावानिशी चाळावे लागतील. जून ते सप्टेंबर हे 122 दिवस होतात. दोन हजार मंडळे धरली तर हंगामाच्या 2,44,000 ओळी होतात आणि आजच्या कोणत्याही डेटाबेसला हा आकडा किरकोळ आहे. साठवण उभीच असावी, याबद्दल वाद नाही.

अडचण वाचताना येते, आणि ती डेटाबेसच्या स्वभावातूनच येते. एसक्यूएलची क्वेरी चालण्याआधी तिच्या उत्तरात किती रकाने असतील, त्यांची नावे आणि प्रकार काय असतील, हे डेटाबेसला ठाऊक असावे लागते. ओळी किती येतील हे तो चालवून पाहतो, रकाने किती हे मात्र आधीच विचारतो. पिव्हटमध्ये तर टेबलात पडलेल्या तारखांचीच रकान्यांची नावे होतात. म्हणजे आधी आत डोकावून तारखा पाहाव्या लागतात आणि मगच क्वेरी लिहिता येते. डायनॅमिक पिव्हटची सगळी खटपट या एका गोष्टीतून निघते, आणि म्हणूनच तिची दोन पावले पडतात : पहिल्या क्वेरीने तारखांची यादी काढायची, त्या यादीवरून दुसऱ्या क्वेरीचा मजकूर जुळवायचा आणि तो चालवायचा.

तारखा ठरलेल्या असतील तर काम सोपे असते. सर्वांत जुनी आणि कुठेही चालणारी रीत ‘केस व्हेन’ची. मंडळावर ‘ग्रुप बाय’ लावायचा आणि प्रत्येक तारखेसाठी एक राशी लिहायची : दिनांक 12 जून असेल तर पाऊस घे, नसेल तर काही घेऊ नकोस, आणि जे मिळेल त्याची बेरीज कर. असे सात दिवसांचे सात रकाने लिहिले की आठवड्याचा तक्ता तयार होतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हेच ‘फिल्टर’ने अधिक नेटके लिहिता येते. एसक्यूएल सर्व्हरने 2005 च्या आवृत्तीत आणि ओरॅकलने 11जी या आवृत्तीत ‘पिव्हट’ हा शब्दच भाषेत आणला; तरी दोन्हीकडे तारखांची यादी हाताने द्यावी लागते. टेबल एकदाच वाचले जाते आणि प्रत्येक ओळ सगळ्या अटींतून जाते, म्हणून 122 रकाने असले तरी वेळ फारसा लागत नाही. काही जण तेच टेबल प्रत्येक तारखेसाठी पुन्हा पुन्हा जोडतात. त्या वाटेला मुळीच जाऊ नये.

दुसऱ्या पावलाची, म्हणजे मजकूर जुळवण्याची, साधने प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळी आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2017 पासून ‘स्ट्रिंग_ॲग’ने तारखांची स्वल्पविरामांनी जोडलेली यादी होते, त्याआधी ‘फॉर एक्सएमएल पाथ’ची वळणाची वाट घ्यावी लागे. रकान्याचे नाव ‘कोटनेम’ने कंसात बसवतात आणि तयार मजकूर ‘एसपी_एक्झिक्युटएसक्यूएल’कडे देतात. मायएसक्यूएलमध्ये ‘पिव्हट’ हा शब्दच नाही, त्यामुळे ‘ग्रुप_कॉन्कॅट’ने केस व्हेनच्या राशी जोडून ‘प्रिपेअर’ आणि ‘एक्झिक्यूट’ करतात. इथे एक खड्डा आहे. ‘ग्रुप_कॉन्कॅट’ची मूळ मर्यादा 1024 बाइटची असते आणि मजकूर त्याहून लांब झाला की तो कापला जातो. आठवड्याचा तक्ता निघतो, महिन्याचा मात्र अर्ध्या वाक्यावर तुटतो आणि व्याकरणाची चूक म्हणून परत येतो. मग चूक व्याकरणात शोधण्यात दुपार जाते. सत्राच्या सुरुवातीला ‘ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन’ वाढवणे एवढाच त्यावर इलाज आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘टेबलफंक’ या जोडणीतील ‘क्रॉसटॅब’ बरेच जण वापरतात, आणि पावसाच्या नोंदीत सर्वांत घातक चूक तिथेच होते. समजा, जळकोट मंडळाच्या 12 जूनला 14 मिलिमीटर, 13 जूनला 0 आणि 15 जूनला 38 अशा नोंदी आहेत. 14 जूनची ओळच नाही, कारण त्या दिवशी आकडा आला नाही. ‘क्रॉसटॅब’चा एकच क्वेरी घेणारा प्रकार तारीख पाहत नाही. तो आलेले आकडे डावीकडून ओळीने भरत जातो : 12 ला 14, 13 ला 0, 14 ला 38, आणि 15 जूनचा रकाना रिकामा. एकही सूचना येत नाही, तक्ता देखणा दिसतो आणि पाऊस एक दिवस अलीकडे सरकलेला असतो. दोन क्वेऱ्या घेणारा प्रकार, ज्यात दुसरी क्वेरी तारखांची यादी देते, प्रत्येक आकडा त्याच्या तारखेखालीच ठेवतो. तारखांच्या कामात पहिला प्रकार वापरूच नये. दुसऱ्या प्रकारातही उत्तराचे रकाने नावानिशी लिहून द्यावे लागतात, म्हणजे मजकूर जुळवण्यातून सुटका नाहीच. नुसते डोळ्यांखालून घालायचे असेल तर पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीएसक्यूएल या साधनात 9.6 या आवृत्तीपासून ‘क्रॉसटॅबव्ह्यू’ आहे. तो तारखा आपोआप आडव्या लावतो, कारण ते काम डेटाबेसबाहेर, पडद्यावर दाखवताना होते.

काही ठिकाणी ही दोन पावले भाषेनेच पोटात घेतली आहेत. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ‘ट्रान्सफॉर्म’ लिहिले की रकाने आपोआप येतात. अलीकडे डकडीबी आणि स्नोफ्लेक यांनीही यादी न देता पिव्हट करण्याची सोय दिली आहे. ओरॅकलमध्ये ‘पिव्हट एक्सएमएल’ वापरल्यास यादी द्यावी लागत नाही, पण उत्तर एक्सएमएलच्या गाठोड्यात येते आणि ते सोडवणे पुन्हा आपल्याकडेच राहते.

साधन कोणतेही असो, तारखांची यादी कुठून घ्यायची हा निर्णय सर्वांत मोलाचा आहे. बहुतेक उदाहरणांत ती नोंदींच्या टेबलातूनच ‘डिस्टिंक्ट’ लावून काढलेली असते. विक्रीच्या नोंदींत ते एक वेळ चालेल. पावसाच्या नोंदींत ज्या दिवशी एकाही मंडळाचा आकडा आला नाही, तो दिवस अशा तक्त्यातून अख्खा गायब होतो. 13 जूननंतर थेट 15 जूनचा रकाना येतो आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. खंड मोजताना असा एक दिवस हरवला की 21 चे 20 होतात. म्हणून यादी दिनदर्शिकेतून घ्यावी. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘जनरेट_सिरीज’ दोन तारखांमधील प्रत्येक दिवस देते. इतरत्र रिकर्सिव्ह क्वेरी लिहिता येते. पण कायमची सोय म्हणजे दिनदर्शिकेचे स्वतंत्र टेबल, ज्यात वीस-पंचवीस वर्षांचे सगळे दिवस एकदाच भरून ठेवलेले असतात. त्या टेबलाला मंडळांच्या टेबलाशी पूर्ण जोडून मग पावसाच्या नोंदी ‘लेफ्ट जॉइन’ने आणल्या की जळकोटची ओळही सुटत नाही आणि 14 जूनचा रकानाही.

रकाना आला, तरी चौकटीत काय दिसावे हा प्रश्न उरतो, आणि सगळ्या विषयात सर्वाधिक काळजी इथेच हवी. कार्यालयात ‘निरंक’ आणि ‘माहिती अप्राप्त’ हे दोन वेगळे शेरे आहेत. निरंक म्हणजे पर्जन्यमापक पाहिला आणि त्यात पाणी नव्हते. अप्राप्त म्हणजे पाहिलाच नाही किंवा पाहिलेले कळले नाही. डेटाबेसमध्ये पहिल्याला शून्य आणि दुसऱ्याला नल म्हणतात. ‘केस व्हेन’च्या राशीत शेवटी ‘एल्स 0’ लिहिण्याची सवय फार पसरलेली आहे, कारण त्याने तक्ता भरलेला दिसतो. त्या दोन शब्दांनी न पाहिलेला दिवस कोरडा दिवस होतो. जळकोटचा 14 जून निरंक ठरतो आणि तसा पुरावाही तयार होतो. ‘एल्स’ गाळले तर नल तसाच राहतो आणि चौकट रिकामी दिसते. दाखवताना तिथे आडवी रेघ घालावी. ती रेघ मजकूर म्हणून रकान्यात घुसवली तर बेरीज बिघडते, म्हणून हे काम तक्ता छापणाऱ्या बाजूला सोपवावे.

बेरीज की कमाल, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. पिव्हटला चौकटीत एकच आकडा ठेवता येतो, म्हणून अनेक आकडे आले तर ते एकत्र करण्याची रीत त्याला सांगावी लागते. 15 जूनचा 38 चा आकडा सकाळी फोनवर कळवला गेला आणि दुपारी ऑनलाइन पुन्हा भरला गेला, तर टेबलात दोन ओळी होतात. बेरीज लावली की चौकटीत 76 येतो आणि जळकोट मंडळ झाला नसलेल्या अतिवृष्टीच्या यादीत जाऊन बसते. ‘मॅक्स’ लावला तर 38 दिसतो, पण दुपारी 38 चा 28 असा सुधारलेला आकडा आला असेल तर जुनाच टिकून राहतो. पिव्हटची रीत बदलून हा दोष जात नाही. मंडळ आणि दिनांक या जोडीवर टेबलातच एकमेव असण्याचे बंधन घातले आणि दुरुस्ती जुन्या ओळीवरच केली, तर चौकटीत एकच आकडा येतो आणि बेरीज, कमाल, किमान तिन्ही सारखेच उत्तर देतात.

तोच विचार मंडळाच्या नावालाही लागू आहे. जळकोट नावाचे एक गाव लातूर जिल्ह्यातही आहे आणि तिथे ते तालुक्याचे ठिकाण आहे. 1982 साली उस्मानाबाद जिल्ह्यातूनच लातूर वेगळा झाला, त्यामुळे जुन्या नोंदींत तर ही गाठ आणखी घट्ट बसते. ‘ग्रुप बाय’ नावावर केला तर दोन जळकोटांचा पाऊस एका ओळीत मिसळतो. उलट, 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाल्यावर नावावर केलेला गट एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी पाडतो. गट नेहमी संकेतांकावर करावा आणि नाव शेवटी जोडावे.

दिनांक म्हणजे नेमके काय, हेही आधी ठरलेले असावे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस आदल्या सकाळी साडेआठपासून त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत असतो. स्वयंचलित केंद्राकडून तासातासाचे आकडे येत असतील आणि ते मध्यरात्रीच्या हिशेबाने दिवसात टाकले, तर रात्रभर पडलेला एकच पाऊस दोन तारखांत विभागला जातो. 80 मिलिमीटरचे 45 आणि 35 होतात आणि 65 ची रेषा कोणत्याच दिवशी ओलांडली जात नाही. उपाय साधा आहे : वेळेत साडेपंधरा तास मिळवायचे आणि मग तारीख काढायची. पिव्हटच्या आधी, उभ्या मांडणीतच, हे उरकावे.

तारीख लिहिण्याच्या पद्धतीनेही घोळ होतात. ‘01-10-2024’ अशी तारीख मजकूर म्हणून साठवली तर क्रम लावताना ती ‘02-06-2024’ च्या आधी येते, म्हणजे ऑक्टोबर जूनच्या पुढे धावतो. साठवण नेहमी दिनांक याच प्रकारात असावी, मजकूर जुळवताना वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवावा आणि ‘12 जून’ हे वाचायचे लेबल अगदी शेवटी लावावे. रकान्यांचा क्रम खऱ्या तारखेवरून लावायचा, लेबलावरून नाही. मागणी एका हंगामापेक्षा मोठी असेल तर लेबलात वर्षही हवे, नाहीतर दोन वर्षांच्या 12 जूनचे रकाने एकाच नावाने येतात.

तक्ता नेहमी दिवसवारच हवा असतो असे नाही. आठवडेवार करताना डेटाबेसचा आठवडा आणि शेतीचा आठवडा जुळत नाहीत. आयएसओ पद्धतीचा आठवडा सोमवारी सुरू होतो. हवामानाचा प्रमाणित आठवडा 1 जानेवारीपासून सात-सात दिवसांचा असतो, त्यात 52 वा आठवडा आठ दिवसांचा आणि लीप वर्षात 9 वाही आठ दिवसांचा. महिनेवार करताना महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होते आणि आर्थिक वर्ष 1 एप्रिलला, म्हणून पहिला रकाना कोणत्या महिन्याचा हे विचारूनच घ्यावे. गावात तर पाऊस नक्षत्रांनी मोजतात : मृग बरसला की नाही, आर्द्रा कोरड्या गेल्या का, पुनर्वसूचा तरणा पाऊस कसा झाला आणि पुष्याचा म्हातारा किती टिकला. नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचे असते आणि त्याची तारीख वर्षागणिक एखाद्या दिवसाने हलते, म्हणून ते कोणत्याही सूत्रात बसवू नये. दिनदर्शिकेच्या टेबलात नक्षत्र, हवामान-आठवडा, महसुली महिना असे रकाने पंचांग पाहून भरून ठेवावेत. मग मृगापासून हस्तापर्यंतचा आडवा तक्ता आणि 12 जूनपासून 18 जूनपर्यंतचा तक्ता एकाच क्वेरीने निघतात, फक्त यादी बदलते. नक्षत्रांची नावे ठरलेली असल्याने तिथे डायनॅमिक पिव्हटची गरजही उरत नाही.

ही गरज आहे का, हे इतर ठिकाणीही आधी पाहावे. रोजच्या अहवालात ‘आज, काल, परवा’ किंवा ‘मागील सात दिवस’ असे रकाने चालत असतील तर आजपासून किती दिवस मागे, या फरकावर सात ठरलेल्या राशी लिहिता येतात. मजकूर जुळवावा लागत नाही आणि त्याची व्ह्यूही करता येते. डायनॅमिक पिव्हटची व्ह्यू होत नाही, कारण व्ह्यूचे रकाने कायमचे ठरलेले असतात. त्याला स्टोअर्ड प्रोसीजर लागते. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक मंडळाच्या ओळीत तारीख आणि पाऊस यांचा एकच जेसन तयार करणे आणि तो आडवा मांडण्याचे काम वेबपान किंवा एक्सेलवर सोपवणे. रकान्यांच्या मर्यादेचाही प्रश्न त्यामुळे मिटतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या एका उत्तरात 1664 रकाने बसतात, एसक्यूएल सर्व्हरच्या 4096. हंगामाच्या 122 दिवसांना हे पुरून उरते, दहा वर्षांच्या रोजच्या पावसाला पोस्टग्रेएसक्यूएल पुरत नाही. अर्थात 1664 रकान्यांचा तक्ता कोणी वाचतही नाही.

खंड मोजणे, 65 वरचे दिवस शोधणे, सरासरीशी तुलना करणे ही कामे आडव्या तक्त्यावर करूच नयेत. सलग कोरडे दिवस मोजायला उभ्या मांडणीत विंडो फंक्शन पुरते : प्रत्येक मंडळाचे दिवस क्रमाने लावायचे, 2.5 मिलिमीटर वा अधिक पावसाचा दिवस आला की नवा गट सुरू करायचा आणि प्रत्येक गटातले कोरडे दिवस मोजायचे. अप्राप्त दिवस मध्ये आला तर त्याला कोरडा धरायचे की खंड तिथेच तोडायचा, हे नियमात लिहून ठेवावे लागते. क्वेरी लिहिणाऱ्याने ते स्वतःच्या मनाने ठरवू नये.

मजकूर जुळवून चालवायच्या क्वेरीत सुरक्षेची काळजी वेगळी लागते. वापरणाऱ्याने टाकलेली ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ची तारीख थेट मजकुरात चिकटवली तर कोणीही तिच्या जागी भलतीच आज्ञा घालू शकतो. त्या दोन तारखा पॅरामीटर म्हणून द्याव्यात, दिनांक प्रकारात उतरल्या तरच स्वीकाराव्यात, आणि रकान्यांची नावे डेटाबेसने स्वतः दिनदर्शिकेतून तयार करावीत. मग मजकुरात बाहेरचे एकही अक्षर शिरत नाही. ज्या खात्याने ही क्वेरी चालते त्याला फक्त वाचण्याचा अधिकार ठेवावा.

तक्ता हाती आल्यावर ताळा घ्यावा. उभ्या नोंदींत त्या मुदतीचा एकूण पाऊस आणि आडव्या तक्त्यातल्या सगळ्या चौकटींची बेरीज जुळली पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही, कारण एक दिवस सरकलेला पाऊसही बेरजेत जुळतोच. म्हणून भरलेल्या चौकटींची संख्या आणि नोंदींची संख्या रकान्यागणिक ताडून पाहावी. वरच्या उदाहरणात नोंदी तीन आहेत : 12, 13 आणि 15 जून. ‘क्रॉसटॅब’ने सरकवलेल्या तक्त्यातही चौकटी तीनच भरलेल्या असतील आणि बेरीज 52 च येईल, पण 14 जूनच्या रकान्यात नोंद शून्य असताना चौकट भरलेली निघेल आणि 15 जूनला नोंद असून चौकट रिकामी. चूक तिथेच सापडते, जळकोटचा आकडा तालुक्याच्या अहवालात जाण्याआधी.